गार का कोमट

४ डिसेंबर १९७८, सोमवार. रिठद
सकाळपासून बांधाबांध. सहा तारखेसाठी दादरला निघायचं. दरसाली हे एकटे जातात. यंदा आत्याबाई हट्टाला पेटल्या, "नामा, मले एकदा चैत्यभूमी दाखव, मंग मी मोकळी." मग मीही निघाले. गर्दीत मायलेक हरवले तर शोधायला कोणी पाहिजे ना. भाकरी, ठेचा, मुरमुरे. आत्याबाईंच्या चंचीत पान, सुपारी, चुना आणि सुंठेचे गाठे. सुंठेशिवाय आमच्या सासूबाई शिवेबाहेर पाय टाकत नाहीत. खोकल्याला सुंठ, पोटाला सुंठ. सून उलटून बोलली तर त्यालाही सुंठच असेल.
हे कालच मानोऱ्याहून आले. तिकडच्या तांड्यावर खांब उभे झालेत, तारा ओढायच्या राहिल्यात. रात्री जेवताना छाती चोळत होते. विचारलं तर म्हणे, "खांबावर दिवसभर लटकलं का दुखतेच वं. लाइनमनच्या बायकोले हेबी समजत नाई?" बरं बाप्पा, नाही समजत.

६ डिसें., बुधवार. मुंबई
काय लिहू.
रांगेत होतो. समुद्राचा वारा, तरी ह्यांचा सदरा घामानं चिंब. "बसतो जरा" म्हणाले आणि बसले ते उठलेच नाहीत. ओकारी झाली. ओठ निळे. रांगेतल्या पोरांनी उचलून टॅक्सीत घातलं, मोठ्या इस्पितळात आणलं. गावाचं नाव पुन्हा पुन्हा विचारतात. मुंबईवाल्याले रिठद काय माहीत!
ह्यांना आत नेलं. आम्ही दोघी बाहेर फरशीवर. वाहायला आणलेली फुलं आत्याबाईंनी हातातून अजून सोडली नाहीत.

७ डिसें., गुरु.
चष्मेवाले तरुण डॉक्टर भेटले. हृदयाचा मोठा झटका. बराच भाग कामातून गेलाय. "पेशंट शॉकमध्ये आहेत." मी म्हटलं, साहेब, हे लाइनमन आहेत खरे, पण सुट्टीवर आहेत, तारेला हात लावलेला नाही. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग सांगितलं, विजेचा नाही हो बाई, हृदय रक्त पुढं ढकलत नाही, म्हणून सगळं शरीर थंड पडतं, त्याला म्हणतात. लाज वाटली. अन् रागही आला, आधीच असं सांगायला काय झालं होतं.
हातपाय गार. लघवी बंद. बाटलीतून औषध चालू आहे तरी रक्तदाब लागत नाही म्हणतात. लागत नाही म्हणजे? विचारायचं राहिलं.

८ डिसें., शुक्र.
आज भलतंच. डॉक्टर म्हणतात, औषधानं भागत नाही, एक यंत्र आहे, नवीन आलंय. जांघेत चिरा देऊन मोठ्या नसेतून एक नळी वर छातीपर्यंत सरकवायची. तिच्या टोकाला लांबट फुगा. यंत्र त्या फुग्यात वायू भरतं आणि काढतं. छातीत फुगा! म्हटलं ऐकण्यात चूक झाली. नाही, फुगाच. हृदय सैल पडतं तेव्हा फुगा फुगतो. हृदय दाबतं तेव्हा फुगा बसतो.
मी म्हटलं, हे उलटं झालं. गाडी चिखलात रुतली तर बैलानं जोर लावला का आपणही जोर लावतो. बैल थांबल्यावर ढकलून काय उपयोग?
त्यांनी कागदावर चित्र काढलं. एकाच वेळी दोघांनी जोर केला तर रक्ताची वाटच अडेल. म्हणून हृदय दाबताना फुगा बाजूला होतो, वाट मोकळी करून देतो. हृदय विसावा घेतं तेव्हा फुगा फुगून हृदयाच्याच नसांमध्ये रक्त लोटतो. त्याचं दमलेपण जरा उतरतं. "समजलं?" मी हो म्हटलं. समजलं नव्हतं.
आत्याबाई मागून म्हणाल्या, "दोन मुसळाचं कांडण हाये ते. एक वर तवा एक खाली. दोनीबी संगच आणली तं मुसळावर मुसळ."
डॉक्टर हसले. म्हणाले, आजी, अगदी तसं नाही, पण चालेल.
सही माझी. कशावर केली ते विचाराल तर सांगता येणार नाही. चित्रातला फुगा दुधी भोपळ्यासारखा दिसत होता एवढंच डोळ्यापुढं.

९ डिसें., शनि.
फुगा बसला. एकाच माणसाला आत सोडतात. सकाळी मी, दुपारून आत्याबाई. पलंगाशेजारी कपाटाएवढं यंत्र, फट फुस्स, फट फुस्स. ह्यांच्या छातीवर हात ठेवला. छातीत धडधड तर आहे. पण ती ह्यांची का यंत्राची? सिस्टरला विचारलं. म्हणाली, "दोनों का." ह्या उत्तराचं मी काय करू?
डावा पाय फळीला बांधलाय, वाकवायचा नाही. त्याच पायाच्या नसेतून नळी गेली आहे. सिस्टर मधूनमधून पावलावर हात ठेवते, बोटानं नाडी चाचपते. मला म्हणाली, पाय गार लागला तर लगेच हाक मारायची. गार पडणं चांगलं नाही. मी बाहेर येऊन आत्याबाईंना शब्दन्‌शब्द सांगितलं. "डावा पाय गार पडू नये म्हणतात."
आता वाचते तर, शब्दन्‌शब्द कुठं सांगितलं? हाक मारायचं सांगितलं का मी?

१० डिसें., रवि.
लघवी झाली!! सिस्टरनं बाटली दाखवली तेव्हा मी तिचे हातच धरले. मुताच्या बाटलीकडं बघून रडणारी बाई तिनं पहिल्यांदा पाहिली असेल. रक्तदाब लागला. ओठांना रंग आला. मला ओळखलं. पुटपुटले, "तांड्यावर हरसिंगले निरोप धाड. मी येईस्तोवर तार ओढू नको म्हना." हरसिंग म्हणजे ह्यांच्या हाताखालचा. मरणाच्या दारात आणि डोक्यात तार!
आत्याबाई दुपारी आत गेल्या त्या खूप वेळानं हसत बाहेर आल्या. "पाय मस्त गरम हाये त्याचा." मीही हसले. आज पहिल्यांदा दोघींनी मिळून भाकरी खाल्ली.

११ डिसें., सोम.
डोकं चालेना. तरी लिहिते, नाहीतर ओरडेन.
दुपारी सिस्टरनं मला आत बोलावलं. ती ह्यांच्या पायावर वाकून वास घेत होती. "ये क्या लगाया?" मी वास घेतला. सुंठ. आत्याबाई पलंगामागं उभ्या. मुठीत पूड. काल दुपारभर, आणि आज माझी पाळीही मागून घेऊन सकाळपासून, त्या पाऊल चोळत होत्या. सिस्टर यायच्या वेळेला पाय गरम. सिस्टर गेली की पुन्हा गार. पुन्हा चोळायच्या. नाडी चाचपताना सिस्टरला शंका येत होती, पण यंत्र लावल्यावर नाडी अशीच क्षीण लागते म्हणे, आणि पाय तर गरम. आज पुसून पाहिलं तेव्हा खालची बोटं निळी निघाली.
चष्मेवाले आले. नस नळीनं अडली आहे, खाली गुठळी झाली असणार. म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर.
मी आत्याबाईंना हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि सगळ्या लोकांसमोर ओरडले. "तुमच्या सुंठीनं पाय गेला त्यांचा! लाइनमनचा पाय हाये तो!" त्या म्हणाल्या, "अवं, गार लागलं का ते म्हनतीन संपलं. तुह्याच सासऱ्याचे पाय गार पडले तवा वैदू म्हने संपलं, अन् संपलंच. मंग मी गार कशी पडू देऊ?"
आमच्याकडं पाय गार पडले की सुंठ चोळतात. माझ्याही आईला चोळली होती, मीच चोळली होती. मी आत असते तर मीही चोळली असती का? सिस्टरनं सांगितलं नसतं तर नक्कीच. सांगितलं होतं म्हणून नाही चोळली. पण पुढं नीट सांगितलंही नाही. मले काही म्हणता काही कळून नाही राह्यलं.

१२ डिसें., मंगळ.
डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. फुगा ठेवायचा तर हृदयाला आणखी विसावा मिळेल, पण पाय जाईल, गुडघ्यावरून कापावा लागेल. फुगा आज काढायचा तर गुठळी काढून पाय बहुतेक वाचवता येईल, पण हृदय एकट्यानं चालेल का, सांगता येत नाही. काल यंत्राची मदत कमी करून पाहिली, दर ठोक्याला फुगवण्याऐवजी दोन ठोक्यांआड एकदा, तर रक्तदाब उतरला होता.
"तुम्ही सांगा," म्हणाले. मी? मी मॅट्रिक. मी रिठदची. माझ्यापुढं माणसाचा पाय आणि जीव ठेवून म्हणतात सांगा!
ह्यांना विचारलं. शुद्धीत होते. म्हणाले, "तुले काय वाटते?" मी म्हटलं, मी तुम्हाला विचारून राह्यले. "मी तुले विचारून राह्यलो." यंत्र आपलं फट फुस्स. आयुष्यभर घरातली प्रत्येक गोष्ट ह्यांनीच ठरवली. सायकल घ्यायची तर हेच, भिंत कुठं बांधायची तर हेच. नेमकं आज विचारतात.
"काढा," मी म्हणाले.
काहून म्हणाले? पायासाठी? का ते यंत्र ऐकवेना म्हणून? एक पाय नसला तरी मला चालले असते हे. चालले असते. मग काहून काढा म्हणाले?
आत्याबाई जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसल्यात. जेवल्या नाहीत.

१३ डिसें., बुध.
आहेत. हृदय एकट्यानं चालू आहे. बाजूचा कोपरा रिकामा, यंत्र दुसऱ्या खोलीत गेलं, दुसऱ्या कोणासाठी. आता शांतता आहे तर तिचीच भीती वाटते. छातीवर हात ठेवला. ही फक्त ह्यांची. केवढी हलकी!

१६ डिसें., शनि.
पाय वाचला. अर्धवट वाचला. गुठळी निघाली, पण पाऊल वर उचलत नाही, खाली लोंबतं. करंगळी आणि शेजारचं बोट काळं.
सिस्टरला एकटीला गाठून विचारलं, खरं सांग, सुंठेनं झालं का? म्हणाली, नळी घातलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पाय असा जातो, सुंठ असो नसो. चष्मेवाल्यांना विचारलं. म्हणाले, सुंठेनं झालं नाही, पण सुंठेमुळं कळलं उशिरा. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनाही विचारलं, आता लाज कसली. ते म्हणाले, बाई, माणूस जिवंत आहे ना, मग ह्याचा काथ्याकूट कशाला करता. तीन तोंडं, तीन उत्तरं. आत्याबाईंना कोणतं सांगू? एकही सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. जीभ वळत नाही. ओरडताना बरी वळली!

५ जानेवारी १९७९, शुक्र. रिठद
परत आलो. अकोल्याहून बसमध्ये ह्यांना मागच्या लांब सीटवर निजवलं. वाशीमला उतरताना दोन अनोळखी माणसांनी हात दिला. घरात सगळा गाव. छातीत फुगा कसा मावला, फुटला तर काय झालं असतं, आता काढला का तसाच ठेवला. ह्यांनी एकालाही सरळ उत्तर दिलं नाही. "फुगा व्हय? जत्रेतलाच. लाल रंगाचा." हसले. मीही हसले. मग आत जाऊन रडले.
निघताना चष्मेवाल्यांनी मला बसवून सांगितलं. काळी बोटं सुकतील आणि आपसूक गळतील, त्याची भीती नाही. पण रोज सकाळी पावलावर हात ठेवून बघायचं. कोमट असलं तर ठीक. गारवा घोट्याकडं चढायला लागला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. उशीर केला तर पाय कापावा लागेल, आणि हे हृदय तेवढी भूल सोसेल असं नाही.
म्हणजे सगळं माझ्या तळहातावर.

९ जाने., मंगळ.
रोज बघते. काल कोमट. परवा कोमट, पण जरा कमी. कमी का मलाच वाटलं? थंडी मोठी आहे, घरात सगळंच गार. तांब्या गार, भिंत गार. माणूस कुठून गार धरायचा?
आत्याबाई मुंबईहून आल्यापासून ह्यांच्या खाटेजवळ येत नाहीत. दारातून विचारतात, जेवला का, झोपला का. चंची खुंटीला टांगली आहे. हात लावत नाहीत.

१२ जाने., शुक्र.
मानोऱ्याहून हरसिंग आला. तांड्यातून हुरडा घेऊन आला, मोठं गाठोडं. तारा अजून ओढल्या नाहीत, ह्यांची वाट बघून राह्यले. साहेब म्हणतात, दुसरा माणूस देतो, तर तांड्याचे म्हातारे म्हणतात, खांब ज्यानं उभे केले तोच लाइट आणील. हरसिंगनं पायाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "कधी येता भाऊ?"
"येतो ना. होळीच्या आधी येतो."
हरसिंग गेल्यावर ह्यांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून जमिनीवर ठेवला. उभे राहिले. पाऊल मुडपलं. खाटेवर बसले आणि हुरडा खात राहिले.

१५ जाने., सोम.
आज भांडण. ह्यांनी हाक मारली, "माय, ये इकडं. पाय चोळ." आत्याबाई चुलीपाशी बसून राहिल्या. "माय, मी काय म्हनून राह्यलो?" त्या उठून परसात निघून गेल्या.
मग हे माझ्यावर. "काय बोलली तू तिले मुंबईत? मले सारं ऐकू येत व्हतं."
म्हणजे तो ओरडा ह्यांनी ऐकला होता. इतके दिवस पोटात ठेवला!
मी म्हटलं, त्या चोळतील तर मला गार का कोमट ते कळणार कसं? मुंबईत तेच तर झालं.
"अन् नाई चोळलं तं ती मरून जाईन. सुकून राह्यली ती, दिसत नाई का तुले?"
दिसतं. सगळं दिसतं. पाय बघू का सासू बघू?
"तुम्हाला पायाला लागतं तरी का चोळलेलं?" विचारलं.
"नाई लागत," म्हणाले. "काईच नाई लागत. पर चोळते तवा माय डोळ्यापुढं दिसते ना."

१७ जाने., बुध.
परसात गेले. आत्याबाई तुरीच्या काड्या मोडत होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, मी चुकीचं बोलले. त्या मोडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकीचं कसं? गेला ना पाय."
"गेला नाई. हाये."
"हाये म्हनतं तू."
डॉक्टरांची तिन्ही उत्तरं सांगितली, जशीच्या तशी. त्यांनी तिन्ही ऐकली. मोठ्या डॉक्टरांचं पटलं नाही, सिस्टरचं पटलं नाही, चष्मेवाल्यांचं पटलं. नेमकं तेच पटायला नको होतं. रडल्या. मीही रडले. काड्या राहिल्या बाजूला.
मग मी म्हटलं, असं करू. सकाळी आधी मी हात लावीन. पाहीन. गार का कोमट ते सांगीन. मग तुमी चोळा, पाहिजे तेवढं चोळा. पर माह्या आधी नाई.
"अन् गार लागलं तं?"
"तं चोळायचं नाई. वाशीमची गाडी गाठायची."
त्यांनी डोळे पुसले. "बरं," म्हणाल्या. आत जाऊन खुंटीवरची चंची काढली. संध्याकाळी खलबत्त्यात सुंठ कुटल्याचा आवाज आला. घरभर वास.

१८ जाने., गुरु.
आज पहिला दिवस. आत्याबाई माझ्या आधी उठून, मूठ मिटून, उंबऱ्यात उभ्या. हे खाटेवर, पाय उघडा.
हात लावला. कोमट! "कोमट हाये" म्हणालेसुद्धा. आत्याबाई पुढं आल्या. तेवढ्यात लक्षात आलं, मी आत्ताच परसातल्या गार पाण्यात भांडी विसळून आले. माझाच हात बर्फ. त्याला काहीही कोमटच लागणार. "थांबा" म्हटलं. हात काखेत धरून ऊब आणली, पुन्हा लावला. आता गार. बोटांपाशी गार. घोट्यापाशी पण गार? काल घोटा कसा होता? उजव्या पायाला लावून पाहिलं. तोही गार. पण जरा कमी गार. का तो नेहमीच कमी असतो?
हे म्हणाले, "सांग ना वं."
मी म्हटलं, हात ना गरम ना थंड, आपला नेहमीसारखा होऊ द्या, मग सांगते. म्हणून ही वही घेऊन बसले. लिहिता लिहिता हात आपसूक निवेल, नाहीतर तापेल, काय व्हायचं ते होईल. मुंबईत होती तशी एखादी सिस्टर असती तर तिच्या गळ्यात पडले असते. वाशीमची पहिली गाडी सुटायची आहे अजून. ती गाठायची तर आत्ताच ठरवायला पाहिजे.
आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी तशाच उभ्या. पूड बोटांच्या फटीतून गळून राह्यली. ह्यांच्या पावलाकडं बघतात, मग माझ्याकडं.
"चोळू का वं?"
"नाई आत्याबाई. अजून नाई."
हात आता नेहमीसारखा वाटतो. उठते.